घटत्या अंगाचं माप

त्याला मापाड्या हे नाव खुद्द बापानंच ठेवलं. अण्णा शिंपी होते. गळ्यातली टेप जरा खुंटीला अडकवली की हे कार्टं ती ओढून मांजराची शेपटी मोजायला पळे. आईची वेणी, दाराची कडी, पाहुण्यांच्या चपला, काही म्हणून त्यानं सोडलं नाही. एकदा दुकानात आलेल्या एका भारदस्त गिऱ्हाइकाच्या पोटाला मागून टेप लावून त्यानं आकडा मोठ्यानं वाचून दाखवला. अण्णांनी तिथल्या तिथे त्याचा कान पिळला, पण आकडा बरोबर होता हेही घरी आल्यावर आईला कौतुकानं सांगितलं.

अण्णांचं निम्मं काम शाळेच्या कपड्यांचं. आणि शाळेचे कपडे म्हणजे वाढत्या अंगाचे. आजच्या मापाचा शर्ट शिवला तर वर्ष संपायच्या आत आईबाप भांडायला दारात, म्हणून अण्णा पुढच्या वर्षीचं पोरगं मनात धरून कात्री चालवत. बाह्या बोटांवर लोंबत, खांदे दंडावर उतरत, आणि शिवणीत दोन बोटं कापड दाबून ठेवलेलं असे, पुढेमागे उसवून सोडायला. कुठलं पोरगं उभं वाढेल आणि कुठलं आडवं, हे त्यांना नुसतं बघून कळे. अंदाज चुकलाच तर ते पोराच्या आईलाच विचारत, "घरात खायला घालता का त्याला, की नुसता अभ्यास?"

मापाड्या शिंपी झाला नाही. तो खुर्च्या छापतो. छापतो म्हटलं की लोकांना वाटतं, खुर्च्यांची चित्रं छापत असेल. तसं नव्हे. एका जुन्या गोदामाच्या मागच्या भागात त्याचा आणि त्याच्या बायकोचा कारखाना आहे, आणि तिथे माणसापेक्षा उंच असा एक लोखंडी हात उभा आहे. प्लास्टिकचे दाणे वितळवून तो हात करंगळीएवढी जाड दोरी सोडत जातो, थरावर थर, थरावर थर, आणि दीड-दोन दिवसांत तिथे अख्खी खुर्ची उभी राहते. खिळा नाही, सांधा नाही. चित्रं बायको काढते, मशीन तो चालवतो. खुर्च्यांच्या जोडीला ते झालरी-झालरींचे दिवे करतात, आणि भिंतीवर लावायच्या मोठाल्या नक्ष्या करतात, ज्या त्यांचा उपयोग काय असं विचारणाऱ्याला ते विकत नाहीत. अण्णांच्या पलंगाशेजारचा दिवाही त्यांनीच केलेला. तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा अण्णा म्हणाले होते, "सूनबाई, दिव्याला परकर छान शिवलास."

पण त्यांचं नाव झालं ते 'तुमच्या अंगाची खुर्ची' यामुळे. गिऱ्हाइकाला बारीक मण्यांनी भरलेल्या एका मोठ्या मऊ पिशवीत बसवायचं. तो नीट रेलला, अंग सैल सोडलं, की पिशवीतली हवा पंपानं ओढून घ्यायची. पिशवी घट्ट होते. गिऱ्हाईक उठतं, त्याच्या अंगाचा खळगा मागे राहतो. हातातल्या स्कॅनरनं तो खळगा कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा आणि नेमकी तशीच बैठक छापायची. अशा खुर्चीत वजन कुठल्या एका हाडावर येत नाही, सगळ्या अंगावर सारखं वाटलं जातं. हौशी लोक यासाठी थांबायला तयार असतात. एका वकिलानं तर आपल्या कुत्र्याच्या अंगाची खुर्ची करून घेतली. कुत्रा तिच्यात एकदाही बसला नाही, आणि तो दोष वकिलानं मापावर टाकला.

मापाबद्दल कुणी बोललेलं मापाड्याला खपत नसे. वितळलेलं प्लास्टिक थंड होताना आक्रसतं, म्हणून चित्रात माप तेवढं वाढवून द्यावं लागतं. नवखे लोक हे विसरतात आणि गिऱ्हाईक खुर्चीत अडकतं. मापाड्या कधी विसरला नाही. अण्णा कापड आधी भिजवून, वाळवून, मगच कात्री लावत. ते बघत वाढलेला माणूस आक्रस विसरेल कसा?

अण्णांच्या पोटातली गाठ उशिरा कळली. कापून उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि आईला बाहेर बसवून बापलेकांना उरलेलंही सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवणाचं पथ्य काय?" डॉक्टर म्हणाले, पथ्य काही नाही, आवडेल ते आवडेल तेवढं खा. सांगितलेलं अण्णांना खरं पटलं ते त्याच क्षणी असावं. आईला सांगायचं नाही असं ठरलं. कुणी ठरवलं ते धड कुणाला आठवत नाही, पण पाळलं सगळ्यांनी.

मग अंग उतरायला लागलं. आधी चेहरा, मग दंड, मग बसायची जागा. मांस गेलं आणि हाडं थेट फळीवर टेकायला लागली. माकडहाडापाशी कातडी फाटून जखम झाली. ड्रेसिंगला येणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या, आता बसवू नका, आडवंच ठेवा, कूस बदलत राहा. गाद्या करून झाल्या, उशा करून झाल्या, फुगवायचं हवेचं कडं आणून झालं. अण्णा जरा वेळ बसत आणि घामाघूम होऊन म्हणत, "निजवा."

आणि या माणसाचं सगळं आयुष्य बसून गेलेलं. आधी शिलाई मशीनपुढे, आणि दुकान बंद केल्यावर घरात खिडकीपाशी, जेवणाच्या टेबलाला. तिथून रस्ता दिसे, आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या कपड्यांना नावं ठेवणं हा त्यांचा दिवसभराचा उद्योग होता. "तो बघ, खांदा पाठीवर गेलाय त्याचा. शिवणाऱ्याला आत टाकला पाहिजे." आता पलंग आतल्या खोलीत होता. तिथून छत दिसे आणि परकर घातलेला दिवा दिसे.

"आडवं पडलं की माणसांच्या फक्त नाकपुड्या दिसतात," ते एकदा मापाड्याला म्हणाले. "तुझ्या आईच्या नाकपुड्या बघत जायचं नाही रे मला. टेबलाशी बसव."

"बसवतो," मापाड्या म्हणाला. "खुर्चीच करतो तुमची. इतकी वर्षं काय कुत्र्यांसाठीच करतोय का मी?"

मण्यांची पिशवी घरी आणली. आई, बायको, नर्सबाई आणि तो, अशा चौघांनी उचलून अण्णांना तिच्यात ठेवलं आणि खळगा घेतला. हातातली कामं बाजूला सारून त्यानं मशीन त्याच दिवशी लावलं. खुर्ची घरी आली, अण्णांना तिच्यात बसवलं, आणि सगळे श्वास धरून उभे राहिले. अण्णांनी डोळे मिटले. मग उघडले.

"चहा आण," ते आईला म्हणाले.

त्या दिवशी ते टेबलाशी अंधार पडेपर्यंत बसले. चार शर्टांना आणि एका परकरी झग्याला त्यांनी नावं ठेवली. पुढचे काही दिवस तसेच गेले. नर्सबाईंनी जखम सुकतेय म्हणून सांगितलं आणि आपल्या सासऱ्यांसाठी अशी मिळेल का, असं हळूच विचारलं. आपल्या धंद्याचा इतका अभिमान मापाड्याला कधी वाटला नव्हता.

मग खुर्ची सैल झाली. म्हणजे खुर्ची होती तशीच होती, अण्णा कमी झाले होते. सैल खळग्यात अंग घसरतं, घसरलं की कातडी घासते, आणि घासली की जखम पुन्हा तोंड उघडते. आईनं शाली दुमडून कडेनं खुपसल्या, त्या गोळा होऊन भलतीकडेच टोचायला लागल्या. मापाड्यानं पुन्हा माप घेतलं. पण या वेळी मशीनवर एका हॉटेलचे दिवे चढलेले होते, ते अर्ध्यावर सोडता येईनात. ते उतरले तोवर दाणे संपले, दाणे आले तोवर मशीनचं तोंड चोंदलं. दुसरी खुर्ची घरी पोचली तेव्हा तीही सैल झालेली होती. अण्णा तिच्यात एक दुपार बसले, पण दात आवळून बसलेत हे आईलासुद्धा दिसलं. मग पुन्हा आतली खोली, पुन्हा छत.

मापाड्याच्या डोक्यानं एकच गोष्ट धरली, की आपण मागे पडतोय. माप घ्यायचं आजचं, खुर्ची यायची नंतर, आणि तोवर अण्णा पुढे गेलेले. कितीही धावपळ केली तरी तो आपला कालच्याच अण्णांची खुर्ची करणार. दुसरा एखादा असता तर त्यानं इथे हात टेकले असते, बापाशेजारी पलंगावर बसून गप्पा मारल्या असत्या. मापाड्याला ते सुचलं नाही. त्याला गणित सुचलं.

एका दुपारी बायको नव्या दिव्याचा कागद दाखवायला त्याच्या टेबलाशी आली. पडद्यावर अण्णांचे खळगे एकात एक ठेवलेले होते. बाहेरचा निळा, पहिल्या खुर्चीचा. त्याच्या आत हिरवा, दुसरीचा. त्याच्या आत पिवळा, परवा घेतलेला. आणि पिवळ्याच्या आत आणखी एक, लाल.

"हा कुणाचा?" तिनं विचारलं.

"अण्णांचा."

"अण्णा एवढे नाहीत."

"होतील," मापाड्या म्हणाला.

तो बोलत सुटला, पडद्यावरची नजर न काढता. कमरेत किती जातंय, पाठीत किती जातंय, मांडीत आता जायचं काही उरलेलंच नाही. सगळं एका रेषेत येतंय. ती रेषा पुढे ओढली की पुढचे अण्णा मिळतात. तेवढी खुर्ची आत्ताच छापून ठेवली की या वेळी उशीर व्हायचा नाही. खुर्ची आधी, अण्णा मागून.

"तू काय बोलतोयस ते तुला ऐकू येतंय का?"

"त्यांना बसायचंय."

"आणि काय सांगून देणार ही त्यांना? बारीक होऊन या म्हणून?"

"प्लास्टिक आक्रसलं म्हणून सांगीन. माप वाढवून द्यायचं राहिलं माझ्याकडून."

"अण्णांना? तू?" ती हसली, पण त्या हसण्यात जीव नव्हता. "आपल्या पोराचं माप कधी चुकलेलं नाही, हे अख्ख्या जगाला सांगत सुटणारा माणूस आहे तो."

मापाड्याला राग आला. ती रागावण्याजोगं काही बोलली नव्हती, म्हणूनच आला. "तुझा बाप असता म्हणजे तू काय केलं असतंस?" तो म्हणाला. "दिवा?" तिचा बाप ती शाळेत असतानाच गेला होता, आणि हे त्याला चांगलं माहीत होतं. तिनं कागद उचलला. थोड्या वेळानं पलीकडे पोतं फाडल्याचा आवाज आला. ती मशीनमध्ये दाणे भरत होती.

तिसरी खुर्ची मशीनवर असतानाच प्रदर्शनं भरवणाऱ्या एका गॅलरीवाल्या बाई दिवे बघायला आल्या. पहिल्या दोन खुर्च्या घरातून परत आणून एका बाजूला ठेवलेल्या होत्या. बाई दिव्यांपर्यंत पोचल्याच नाहीत. त्या दोन खुर्च्यांपाशी थांबल्या, मग मशीनवर अर्धवट चढलेल्या तिसरीकडे बघितलं, मग पुन्हा त्या दोन्हींकडे.

"तीच खुर्ची, पण आक्रसत जाणारी," त्या म्हणाल्या. "अंगावर काटा आला माझ्या. प्रदर्शनात ही मालिका मला हवीच. किती नग होतील एकूण?"

किती नग होतील हा प्रश्न मापाड्यानं स्वतःला अजून विचारलेला नव्हता.

"ठरलेलं नाही," बायको म्हणाली.

"शेवटची अगदी लहान करा," बाई म्हणाल्या. "मुठीत मावेल एवढी."

बाई काही वाईट नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं होतं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. बायकोनं त्यांच्या कोपराला धरून त्यांना दिव्यांकडे नेलं. त्या गेल्यावर मापाड्यानं दोन्ही खुर्च्या करवतीनं कापल्या आणि तुकडे चक्कीत घातले. जे वाया जातं ते दळून पुन्हा वापरायचं ही कारखान्याची रोजचीच पद्धत होती. चक्कीचा आवाज एरवी नकोसा वाटतो, त्या दिवशी तो थांबू नये असं त्याला वाटलं.

तिसरी खुर्ची घरी नेली. चौघांनी अण्णांना उचललं, तिच्यात ठेवायला गेले, आणि कंबर कडेलाच अडली.

"आक्रसली, अण्णा," मापाड्या म्हणाला. हे वाक्य त्यानं वाटेत पाठ केलं होतं. "माप वाढवून द्यायचं राहिलं माझ्याकडून. घाईत."

"अगंबाई," आई म्हणाली. "मग आता?"

अण्णांना परत निजवलं. नर्सबाई गेल्या, बायको त्यांना सोडायला दारापर्यंत गेली. अण्णा खुर्चीकडे बघत पडून होते. मग म्हणाले, "जवळ आण."

मापाड्यानं खुर्ची पलंगाला लावली. अण्णांनी पांघरुणातून हात काढला आणि वीत टाकली. बैठकीला, पाठीच्या खळग्याला, मांडीपाशी. दंडाचं लाकूड झालं होतं, पण वीत होती तेवढीच होती. मग ते आईला म्हणाले, "मला जरा दूध गरम करून आण." त्यांनी आपणहून काही मागितल्याला कितीतरी दिवस झाले होते. आई लगबगीनं गेली.

"आक्रसली असती तर सगळीकडून सारखी आक्रसली असती," अण्णा म्हणाले. "मांडीला आहे तेवढीच आहे. कमरेतच घेतलंयस."

मापाड्यानं दाराकडे बघितलं, आई येतेय का.

"किती पुढचं धरलंस?"

खोटं बोलायला मापाड्याकडे दुसरं वाक्य नव्हतं, एकच पाठ केलेलं होतं. "दोन-तीन आठवडे," तो म्हणाला.

अण्णांनी मान हलवली. गिऱ्हाइकानं कपडे कधी हवेत ते सांगितलं की ते अशीच मान हलवत. "कमरेतली घट जरा जास्तच धरलीयस, असं मला वाटतं," ते म्हणाले. "बघू."

"अण्णा, मला..."

"रडू नकोस. तुझी आई येईल. मी पुढच्या वर्षीची पोरं शिवायचो, तू पुढच्या महिन्यातला बाप शिवलास. धंदा तोच." त्यांना धाप लागली, म्हणून ते जरा थांबले. "ठेव ती इथेच, मला दिसेल अशी. आणि तुझ्या आईसाठी ती आक्रसलेलीच राहू दे."

आई दूध घेऊन आली तेव्हा अण्णांनी तिला सांगितलं, की नवी चप्पल कशी घालून घालून सैल होते, तशी ही खुर्ची सैल होईल. रोज थोडं बसून बघायला पाहिजे. आईनं विश्वास ठेवला. तिला विश्वास ठेवायला काहीतरी हवंच होतं.

झालं, रोजचा नेम सुरू झाला. नर्सबाई जखम बांधत, आणि अण्णा म्हणत, "चला, ट्रायल घेऊ." दुकानात कच्ची टीप घातलेला कोट गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवताना म्हणत तसंच. अण्णांना उचलायचं, खुर्चीच्या तोंडाशी न्यायचं, कुठे अडतंय ते बघायचं, परत निजवायचं. आई वाकून अंगाखाली राहिलेली फट बघे. "आज थोडी सैल झाली हं," ती म्हणे, आणि तिचा चेहरा उजळे. शेजारणीला तिनं सांगितलंसुद्धा, खुर्ची हळूहळू होतेय, एकदा बसायला लागले की तब्येत धरतील.

मापाड्यानं जन्मात पहिल्यांदा आपलं माप चुकावं म्हणून धडपड सुरू केली. रोज सकाळी तो सायीचं दूध घेऊन अण्णांच्या उशाशी बसे. औषधाच्या दुकानातून ताकदीची पावडर आणली, ती दुधात कालवली, सूपमध्ये कालवली. चमचा तोंडाशी धरून तो म्हणे, "एवढा एक." अण्णा घेत, निम्मं उलटून पडे, मापाड्या पुसून घेई आणि पुन्हा चमचा भरे. कमरेला बोटभर मांस धरलं तरी खुर्ची फुकट जाणार होती. इतकं मनापासून त्यानं कधी काही मागितलं नव्हतं.

"काय रे," अण्णा एकदा म्हणाले, "माझी खुर्ची नापास करायला निघालास होय?"

"तुम्हालाच तर वाटतंय कमरेत जास्त धरलं म्हणून."

"हो. पण मला बसायचंय." त्यांनी चमचा हातानं बाजूला सारला. "तू दूध पाजतोस आणि मी वाट बघतोय, असं किती दिवस चालणार? दोघांतल्या एकाला तरी मिळू दे."

मापाड्यानं भांडं खाली ठेवलं. अण्णांना बसायला मिळावं म्हणूनच त्यानं हे सगळं आरंभलं होतं, आणि आता तेच मिळू नये म्हणून तो चमच्यानं झुंजत होता. दुसऱ्या दिवसापासून त्यानं पावडर बंद केली. दूध मात्र आणत राहिला, कारण हात रिकामा घेऊन त्या खोलीत जाणं त्याला जमेना.

ट्रायलला फट बारीक होत गेली. एक बोट, मग अर्धं बोट. नव्या जखमा आता दोन्ही खुब्यांवर होत्या. कारखान्यात मापाड्या मशीनपुढे उभा राहिला आणि हिशेब त्याच्या डोक्यात आपोआप चालू झाला. आज ना उद्या ही बसेल. बसली की चार दिवस टिकेल, मग सैल होईल, मागच्या वेळी आपण उशीर केला होता. रेषा आणखी पुढे ओढली तेव्हा आपण काय करतोय हे त्याला कळत होतं. तरीही त्यानं चौथी खुर्ची मशीनवर लावली. बायकोनं पडद्यावरचा खळगा बघितला. तो इतका अरुंद होता, की तिला आधी ती लहान मुलाची ऑर्डर वाटली. मग ती पोतं उघडायला गेली.

आणि एका सकाळी खुर्ची बसली.

अण्णांना उचलून तोंडाशी नेलं आणि ते अडलेच नाहीत. सरळ आत गेले. पाठ पाठीला लागली, कंबर कमरेला, मांड्या मांड्यांना. आईनं सवयीनं वाकून फट शोधली. फट नव्हती.

"बसली," आई म्हणाली. "मी म्हणत नव्हते, सैल होईल म्हणून?" तिनं पदरानं डोळे पुसले आणि मापाड्याच्या पाठीवरून हात फिरवला. "तू उगीच जिवाला लावून घेतलं होतंस."

नर्सबाईंनी मापाड्याकडे बघितलं आणि मग खिडकीबाहेर बघितलं. त्यांना काही सांगावं लागलं नव्हतं. खुर्चीसकट अण्णांना उचलून टेबलाशी नेलं. आता उचलायला चौघांची गरजही नव्हती, मापाड्या आणि नर्सबाई पुरले. आईला त्यातही खुर्ची किती हलकी केलीय त्याचं कौतुक वाटलं. नर्सबाई पिशवी उचलून निघाल्या, आणि दारात थांबून त्यांनी एकदा मागे वळून बघितलं.

अण्णांनी डोळे मिटले होते. मापाड्या त्यांच्या समोर बसला. त्यांचा चेहरा कुठे आवळतोय का, ओठ कुठे दाबला जातोय का, ते बघत बसला. काहीच आवळलं नाही. कितीतरी दिवसांनी त्या चेहऱ्यावर दुखणं नव्हतं. अण्णांनी डोळे उघडून रस्त्याकडे नजर लावली.

"तो बघ," ते म्हणाले, "हिरव्या शर्टवाला. कॉलर कुणाची आणि शर्ट कुणाचा." मग त्यांनी बोटांनी बैठकीची कड चाचपली, अंग आणि खुर्ची यांच्या मधून नख फिरवलं. "सूतभरसुद्धा नाही कुठे. कमरेचं तुझंच बरोबर निघालं रे. मी चुकलो."

मापाड्याला हे ऐकवेना. उभ्या आयुष्यात अण्णांनी त्याच्या तोंडावर त्याची स्तुती केली नव्हती, करत ते लोकांपुढे. ती अशी आणि आज यायची होती.

आई चहा टाकायला ओट्याकडे वळली होती. अण्णांनी आवाज खाली आणला. "पुढची लावलीयस का मशीनवर?"

मापाड्यानं मान हलवली.

"काढ."

"अर्धी झालीय, अण्णा."

"मग अर्धीच राहू दे. ही सैल झाली तर सैल बसेन. आता माप पुरे."

मापाड्यानं फोन काढला. बायकोनं उचलला तेव्हा मागे मशीनची घरघर ऐकू येत होती. "बंद कर," तो म्हणाला. तिनं का म्हणून विचारलं नाही. घरघर थांबली.

आई कप घेऊन टेबलाशी आली. तिनं ते ओळीनं मांडले, खुर्चीची पाठ एकदा हातानं पुसली आणि हातात साखरेचा डबा घेऊन विचारलं, "अहो, किती घालू?"

"घाल आवडेल तेवढी," अण्णा म्हणाले. "पथ्य काही नाही."